पहारीचा आवाज

माझ्या गावाकडे, ताबास्कोत, नदी दरवर्षी
दारात गाळ आणून टाकते, न मागता.
काठी रोवून विसरलात
तर परत येईपर्यंत तिला पालवी.
तिथून मी आणलं कोकोचं रोप,
पत्र्याच्या डब्यात, मांडीवर धरून,
बायकोच्या माहेरी, युकातानच्या दगडी परसात.

पहिल्याच घावाला कुदळ अंगावर उलटली.
वर चार बोटं माती,
खाली पांढरा खडक, थेट पाताळापर्यंत असावा असा.
दुसरीकडे खणलं. ठण्.
तिसरीकडे. ठण्.
सासूबाई, फिदेन्सिया उक, मका निवडत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या,
"पाहुण्यानं आधी दार वाजवावं, जावई."

मी हट्टानं वीतभर खड्डा फोडलाच.
सहा आठवड्यांत पानं पिवळी,
शिरा तेवढ्या हिरव्या;
नकाशात कुणी नद्या ठेवून
गावं पुसावीत तशी.
खत घातलं. गंजके खिळे पुरले.
एका दुपारी वैतागून मुठीतल्या मातीवर
आंबट संत्रं पिळलं
आणि माती फसफसली, मांजर फिसकारल्यासारखी.
चुना. सगळा चुना.
या जमिनीनं मला अक्षरशः चुना लावला होता.

घरात मात्र तोच दगड, भाजून, विरवून,
रोज संध्याकाळी पातेल्यात पडायचा.
मका रात्रभर चुन्याच्या निवळीत,
पहाटे साल सुटून दाणा मऊ.
त्या भाकरी मी तिन्ही त्रिकाळ खायचो
आणि मागच्या दारी त्याच दगडाला शिव्या.

शेवटी सासूबाईंनीच पहार उचलली.
परसभर हिंडल्या, टोचत, कान देत.
ठण्. "इथं कोंबड्या."
ठक्. "इथं भेग आहे. पपई लाव,
मुळांना खालची वाट आपल्यापेक्षा बरी कळते."
दगडांच्या बेचक्यात काळी माती, बोश लुउम,
पानं कुजून झालेली. "ही मिरचीची."
खोलगटात लाल, कान्कब, बोटांना गेरूसारखी लागते.
"ही मक्याची. पण पाऊस लांबला तर हिचा भरवसा नाही."
पांढऱ्या भुसभुशीत साहकबला त्यांनी पायानंच ढकललं,
"ही भिंतींची."
कोथिंबीर, कांद्याची पात तर जमिनीवर नव्हतीच.
चार मेढींवर मचाण, त्यावर वेचून आणलेली माती,
कमरेइतकं उंच शेत,
चोचींच्या टप्प्याबाहेर.

"आणि माझं कोको?"
पहार भिंतीला टेकली.
कोकोची जागा त्यांना ठाऊक होती, सगळ्या गावाला होती.
पलीकडे जमीन एके ठिकाणी खचलेली,
तीन पुरुष खोल,
तळाशी किती पावसांनी वाहून आणलेली माती,
दमट, सावलीची, वारा न शिरणारी.
पण ती निकानोर पेचची.
आणि निकानोरशी बोलणं बंद अकरा वर्षं,
एका डुकरावरून.

रविवारी त्या निघाल्या. धुतलेला पांढरा हुइपिल,
टोपलीत केळीच्या पानातले तामाल. मागे मी, डबा घेऊन.
दारातलं बोलणं माया बोलीत झालं, मला कळलं नाही.
डुकराचा शब्द तेवढा ओळखीचा, तो दोनदा आला.
मग म्हाताऱ्यानं शिडी काढली.

उतरताना आठव्या पायरीला हवा बदलली.
तळाशी मातीत हात घातला,
तो कोपरापर्यंत गेला.
कोपर तसंच ठेवून बसलो थोडा वेळ.
वरून निकानोर ओरडला,
"काही हरवलं का?"

रोप आता छातीएवढं आहे, अजून फूल नाही.
सासूबाई दर रविवारी बादली घेऊन जातात,
रोपाला पाणी घालायला,
उशिरा परततात.
त्या खळग्यात पाणी घालावं लागत नाही.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.